कुत्रा, मनुष्य आणि एक दोरी



आमच्या आर्वीकडे जुंपणें म्हटलें कीं बैलच डोळ्यांपुढें येतात. वर्धा जिल्ह्याचा हा भाग चपळ गवळाऊ बैलांसाठीं प्रसिद्ध आहे. कुत्र्याला मात्र आपण जुंपीत नाहीं, बांधतों. त्यानें कोठें जाऊं नये म्हणून त्याच्या गळ्यांत दोरी असते. युरोपांतील डोंगरांत, विशेषतः फ्रान्सच्या आल्प्स पर्वतांत, याच्या उलट एक छंद रूढ झाला आहे. मनुष्य कमरेला रुंद पट्टा बांधतो, कुत्र्याच्या छातीला दुसरा पट्टा चढवितो, आणि सुमारें दोन मीटर लांबीच्या लवचिक दोरीनें जोडलेले ते दोघे मिळून चढण चढतात. कुत्रा पुढें ओढतो व चढणाऱ्याचे श्रम कांहीं अंशीं हलके होतात.

कुत्रा आणि पर्वत यांची सांगड आपल्याला अपरिचित नाहीं. महाप्रस्थानाच्या वेळीं पांडव हिमालयाकडे निघाले, तेव्हां एक कुत्रा त्यांच्यामागें चालूं लागला. त्याच्या गळ्यांत दोरी नव्हती. भावंडें व द्रौपदी वाटेंत पडलीं, तरी तो धर्मराजाबरोबर राहिला. आणि त्याला टाकून स्वर्गांत यावयास धर्मराजानें नकार दिला. येथें निष्ठेची परीक्षा माणसाची झाली.

रायगडावरील वाघ्याच्या कथेंत ती परीक्षा कुत्र्याची आहे. १६८० सालीं शिवछत्रपतींच्या चितेंत त्यानें उडी घेतली, अशी आख्यायिका आहे. समकालीन कागदपत्रांत तिला आधार मिळत नाहीं. गडावरील वाघ्याचें स्मारक १९३६ सालचें आहे. ऑगस्ट २०११ मध्यें तो पुतळा काढण्यांत आला व थोड्याच दिवसांत पुन्हा बसविण्यांत आला. २०२५ सालींही त्यावरून वाद झाला. कथा ऐतिहासिक नसली, तरी कुत्र्याकडून आपण किती मोठ्या निष्ठेची अपेक्षा करतों, हें तिच्यावरून कळतें.

आतां खरोखर जुंपलेल्या कुत्र्यांकडे वळूं. ऑक्टोबर १९११ मध्यें नॉर्वेचा आमुंडसेन चार सोबती, चार घसरगाड्या व ५२ कुत्रे घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला. प्रारंभींच्या सपाट बर्फावर तो स्वतः गाडीला दोरी बांधून, पायांतील लांकडी पट्ट्यांवरून तिच्यामागें ओढला जात असे. पुढें पर्वत आडवा आला. कुत्र्यांनीं जड गाड्या हिमनदीवरून सुमारें दहा हजार फूट उंचीच्या पठारावर ओढून नेल्या. माथ्यावर पोंचतांच पूर्वीं आंखल्याप्रमाणें त्यांपैकीं २४ कुत्रे गोळ्या घालून मारण्यांत आले. त्यांचें मांस माणसांनीं व उरलेल्या कुत्र्यांनीं खाल्लें. त्या जागेला त्यांनीं नांवच ‘खाटकाचें दुकान’ असें दिलें. गोळ्यांचे आवाज ऐकूं येऊं नयेत म्हणून आमुंडसेननें तंबूंतील स्टोव्ह अधिक जोरानें पेटविला, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. १४ डिसेंबर १९११ रोजीं ते ध्रुवावर पोंचले. पांचही माणसें सुखरूप परतलीं. कुत्रे परतले ते अवघे अकरा.

त्याच वेळीं इंग्रज कप्तान स्कॉट यानें हिमनदीच्या पायथ्यावरून कुत्रे परत धाडले व माणसांनाच गाडीला जुंपलें. १७ जानेवारी १९१२ रोजीं तो ध्रुवावर पोंचला. परंतु परतीच्या वाटेवर ते पांचही जण मरण पावले. म्हणून आमुंडसेनला नुसता निर्दय म्हणून सोडून देतां येत नाहीं. त्याच्या माणसांचे प्राण कुत्र्यांच्या प्राणांनीं विकत घेतले गेले होते, आणि हा सौदा त्याला पक्का ठाऊक होता.

बर्फ नसलेल्या दिवसांत घसरगाडीच्या कुत्र्यांना व्यायाम द्यावयाचा, या गरजेंतूनच माणसाच्या कमरेला कुत्रा जोडण्याचा प्रघात वाढला. आज तेथें प्राण पणाला लागलेले नसतात, म्हणून माणसाला सबबही उरत नाहीं. ओढ छातीवर यावी, गळ्यावर नव्हे. कुत्रा थकला कीं थांबावें. उतरणीवर त्याला मागें घ्यावें किंवा सोडावें, नाहींतर चालणारा तोंडघशीं पडेल. कुत्र्याच्या सर्वांगाला घाम येत नाहीं; धापा टाकूनच तो अंगांतली उष्णता बाहेर घालवितो. तेव्हां आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील उन्हाळ्यांत कोणीं हा प्रयोग करूं नये, हें सांगणें नलगे. पहांटेच्या गारव्यांत, हिंवाळ्यांत, सातपुड्याच्या एखाद्या टेकडीवर तो अवश्य करावा. मात्र कोठवर चढावयाचें, हें दोरीच्या पुढच्या टोकाला विचारून ठरवावें.