मठांतील आत्मवृत्तें आणि वार्धक्यांतील बुद्धि

अमेरिकेंत ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ हा अध्यापन करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचा संघ आहे. १९३० सालीं त्याच्या प्रमुखेनें एक साधी आज्ञा काढली : प्रत्येक भगिनीनें आपला जन्म, मातापिता, बालपण व शाळा यांचा वृत्तांत दोनतीनशें शब्दांत लिहून द्यावा. लिहिणाऱ्यांचें वय सरासरीनें बावीस. कागद दप्तरांत गेले आणि कित्येक दशकें तेथेंच पडून राहिले.

१९८६ सालीं डेव्हिड स्नोडन या साथरोगशास्त्रज्ञानें मिनेसोटा राज्यांत या भगिनींचा अभ्यास आरंभिला. पुढें ६७८ वृद्ध भगिनी त्यांत सामील झाल्या, व मरणोत्तर आपला मेंदू तपासणीस देण्याचें त्यांनीं मान्य केलें. आयुष्यभर शिकविणाऱ्यांचा हा शेवटचा पाठच म्हणावयाचा! संशोधकाला मठ सोयीचा होता. राहणी एक, अन्न एक, धूम्रपान नाहीं, बाळंतपण नाहीं; तेव्हां वार्धक्यांत जो भेद दिसेल त्याचें मूळ पूर्वायुष्यांत शोधणें सोपें.

९३ जणींचीं आत्मवृत्तें तपासून १९९६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या तरुणपणच्या वाक्यांत विचारांची दाटी कमी, त्यांची बुद्धि म्हातारपणीं अधिक खालावलेली आढळली. तीं वाक्यें शाळेनें घडविलीं कीं उपजत बुद्धीनें, हा वाद मात्र मिटलेला नाहीं. सारें श्रेय शाळेस देणें उतावळेपणाचें होईल.

२००३ सालीं डोक्याचा घेर व शिक्षण यांचा एकत्र विचार झाला. कवटीचा आकार मुख्यतः मेंदूच्या बालपणींच्या वाढीनें ठरतो. उतारवयांत मेंदू आक्रसला तरी कवटी आक्रसत नाहीं. घेर लहान व शिक्षणहि थोडें, अशांमध्यें बुद्धिभ्रंशाचें प्रमाण इतरांच्या चौपट निघालें. दोहोंपैकीं एकच उणीव असली, तर धोका वाढलेला दिसेना. म्हणजे एकाची तूट दुसरें भरून काढीत असावें.

परंतु या हिशेबांत न बसणारी एक भगिनी होती. ग्रंथांत तिचें नांव भगिनी मेरी असें आहे. आठवी इयत्ता शिकून ती एकोणिसाव्या वर्षीं शिक्षिका झाली, आणि टपालाद्वारें व सुटींतील वर्गांतून अभ्यास करीत एकेचाळिसाव्या वर्षीं तिनें माध्यमिक शिक्षण पुरें केलें. १०१ व्या वर्षीं ती वारली, तेव्हां तिचा मेंदू अवघा ८७० ग्रॅम भरला व त्यांत अल्झायमर रोगाच्या खुणा विपुल होत्या. तरीहि मृत्यूपूर्वीं बुद्धीच्या चाचण्यांत तिनें उत्तम गुण मिळविले होते. शिकविण्याचें काम तिनें चौऱ्यायशींव्या वर्षापर्यंत सोडलें नव्हतें.