कॉइल आणि तिचं गोत : रिलेच्या चिन्हाची कुळकथा

शहापूर-मुरबाड पट्ट्यात विहिरीवर तीन फेजचा पंप असेल, तर त्याच्या स्टार्टरपाशी सिंगल फेज प्रिव्हेंटर असावा लागतो. पावसात तारांवर फांदी पडून एक फेज गेली, की मोटर उरलेल्या दोन फेजांवर जादा करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. हा लहानसा रिले त्याआधीच स्टार्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडतो. वायरमनला त्याची जोडणी तोंडपाठ असते. पण पॅनलचं ड्रॉइंग ऑटोकॅड इलेक्ट्रिकलमध्ये काढायला बसलं, की तयार चिन्हांत नेमका आपला प्रिव्हेंटर सापडेलच असं नाही. मग चिन्ह स्वतः घडवावं लागतं. तेव्हा सॉफ्टवेअर जे जे विचारतं, त्यातल्या बहुतेक प्रश्नांमागे कुणाची तरी जुनी अडचण असते.

मूळपुरुष जोसेफ हेन्री. १८३५च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये त्यानं लांबच्या तारेतून आलेल्या क्षीण करंटनं एक चुंबक हलवला आणि त्या हालचालीवर दुसरं, जोरकस सर्किट चालू-बंद केलं. तारायंत्राला हेच हवं होतं. एक कॉइल आणि एक काँटॅक्ट एवढाच संसार होता, तोवर दोन्ही शेजारी-शेजारी काढून भागत होतं.

खरी घालमेल रेल्वेनं केली. विल्यम रॉबिन्सननं १८७२मध्ये अमेरिकेत ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती आजही थक्क करते. रुळांतूनच करंट सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला रिले लावायचा. रूळ मोकळे असतील तर रिले ओढलेला राहतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, तार निखळली, बॅटरी उतरली, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर तो सुरक्षेच्याच बाजूनं व्हावा, हा विचार एवढ्याशा यंत्रात बसवला, याचं मला फार अप्रूप आहे.

याचा परिणाम थेट चिन्हावर झाला. कारखान्याच्या ड्रॉइंगमध्ये सगळे काँटॅक्ट वीज नसताना जसे असतात तसे काढतात. सिग्नलच्या ड्रॉइंगमध्ये तसं केलं तर घोटाळा होईल, कारण तिथला ट्रॅक रिले नेहमीच्या स्थितीत ओढलेलाच असतो. म्हणून रेल्वेवाले रिलेपाशी बाण काढतात. वर टोक असलेला बाण म्हणजे ओढलेला, खाली टोक असलेला म्हणजे पडलेला. कारखान्याच्या पॅनलवर काम केलेला मुलगा सिग्नलचं ड्रॉइंग पहिल्यांदा पाहतो, तेव्हा या बाणांपाशीच अडतो.

पुढे एकेका रिलेला पाच-सात काँटॅक्ट आले. कॉइल एका पानावर आणि काँटॅक्ट दुसऱ्या-चौथ्या पानावर, अशी पांगापांग झाली. नातं टिकलं ते फक्त नावानं. के३ ही कॉइल, तर जिथे जिथे के३ लिहिलंय ते तिचे काँटॅक्ट. युरोपीय रीतीत कॉइल म्हणजे एक कोरी चौकट आणि तिची टोकं ए१, ए२. काँटॅक्टच्या क्रमांकातला शेवटचा आकडा त्याचा स्वभाव सांगतो. १-२ म्हणजे एनसी (वीज नसताना बंद), ३-४ म्हणजे एनओ (वीज नसताना उघडा). म्हणून १३-१४ दिसलं की न विचारता एनओ. अमेरिकनांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनं १९२८मध्ये संरक्षक उपकरणांना कामावरून क्रमांक दिले. पडघ्यासारख्या मोठ्या उपकेंद्रात आजही ८७ म्हटलं की डिफरन्शियल रिले आणि ८६ म्हटलं की मास्टर ट्रिप, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सॉफ्टवेअरनं हा सगळा वारसा उचलला. ऑटोकॅड १९८२चं, त्याला निव्वळ रेषा कळत. रेषांमधलं नातं ओळखणारा प्रोग्रॅम व्हीआयए डेव्हलपमेंट या कंपनीचा होता. ती ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कनं २००३मध्ये विकत घेतली. ऑटोकॅड इलेक्ट्रिकलच्या ड्रॉइंगमध्ये गुपचूप बसणाऱ्या ब्लॉकचं नाव आजही डब्ल्यूडी_एम आहे. त्यातली पहिली दोन अक्षरं त्या जुन्या प्रोग्रॅमचीच.

आता आपला प्रिव्हेंटर. त्याला साधी कॉइल नाही. आर, वाय, बी अशा तीन फेज आत येतात. तेव्हा चौकट काढून तीन टोकं द्यायची. मुख्य चिन्हाच्या फाइलचं नाव एचसीआर१नं सुरू करायचं : एच म्हणजे आडव्या तारेवरचं, सीआर म्हणजे कंट्रोल रिले, १ म्हणजे जनक (काँटॅक्ट ही त्याची अपत्यं). एनओ काँटॅक्टचं नाव एचसीआर२१नं, एनसीचं एचसीआर२२नं. जनकाच्या नावाची नोंद टॅग१मध्ये, अपत्याच्या नावाची टॅग२मध्ये. तार डावीकडून जोडायची असेल तर टोकाच्या नावात एक्स४, उजवीकडून एक्स१, वरून एक्स२, खालून एक्स८.

एक गोष्ट कॅटलॉग उघडूनच ठरवावी. व्होल्टेज पाहणाऱ्या प्रिव्हेंटरमध्ये बहुधा तिन्ही फेज ठीक असताना आतला रिले ओढलेला असतो, म्हणून ड्रॉइंगमध्ये काँटॅक्ट उघडा दाखवायचा. करंट पाहणाऱ्या प्रकारात मोटर सुरू होण्याआधी करंटच नसतो. तिथे काँटॅक्ट आधीपासून बंद असावा लागतो, नाहीतर पंप सुरूच होणार नाही. दोन्हींना एकच चिन्ह लावणं ही मी गंभीर चूक मानतो.

त्याहून वाईट म्हणजे नुसता चौकोन काढून आत एसपीपी (सिंगल फेज प्रिव्हेंटर) लिहून मोकळं होणं. कागदावर ते छान दिसतं, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे रिले नसतोच. मग एकच १३-१४ दोन ठिकाणी वापरला गेला तरी ते हटकत नाही, आणि चूक पॅनलमध्ये वायरिंग करणाऱ्याच्या माथी येते. म्हणून चिन्ह तयार झालं की आधी कोऱ्या ड्रॉइंगवर जनक ठेवावा, दुसऱ्या पानावर त्याचा काँटॅक्ट ठेवावा आणि जनकापाशी त्या काँटॅक्टच्या ओळीचा क्रमांक आपोआप उमटतो का ते पाहावं. उमटला, तरच ते लायब्ररीत जमा करावं.