८ ऑगस्ट : केशवराव भोसले नाट्यगृहाला आग

२०२४ : गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री कोल्हापूरचे त्यांच्याच नावाचे नाट्यगृह जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले हे मूळचे पॅलेस थिएटर. लागूनच खासबाग कुस्ती मैदान; गाणे आणि कुस्ती शेजारी नांदवणारा राजा विरळाच. आगीनंतर राज्य सरकारने पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपये जाहीर केले. कलावंत-रसिकही मदतीला सरसावले. निधीसाठी रंगमंचावर उभे राहणे केशवरावांना नवे नव्हते. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’ या नाट्यप्रयोगात ते धैर्यधराच्या भूमिकेत होते आणि बालगंधर्व भामिनीच्या. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, अवघ्या ३१व्या वर्षी केशवरावांचे निधन झाले.