एक किलोमीटरचे दोन अर्थ

महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने पाच महिन्यांच्या अंतराने काढलेले दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत, असे मला बरेच दिवस वाटत होते. पहिला सप्टेंबर २०२३ मधला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्यासाठी त्यात जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले होते आणि नमुना म्हणून नंदुरबारमधले तोरणमाळ व पुण्याजवळचे पानशेत यांची नावे होती. दुसरा कागद म्हणजे ९ फेब्रुवारी २०२४ ची राजपत्रातली अधिसूचना. खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या पंचवीस टक्के प्रवेशांच्या २०१३ च्या नियमांत तिने एक तरतूद घातली. ज्या विनाअनुदानित खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या प्रवेशांसाठी निश्चित करायचे नाही, अशी ती तरतूद.

जवळची सरकारी शाळा फार लहान आहे, म्हणून मुलांनी लांब जावे, असा पहिल्या कागदाचा रोख. जवळ सरकारी शाळा आहे, म्हणून मुलांनी दुसरीकडे पाहू नये, असा दुसऱ्याचा. विभाग एकच, आणि दोन्हीकडे ज्याच्याविषयी ठरवले जाते आहे ते मूलही गरीब घरचेच.

हा किलोमीटर मुळात आला कुठून? बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा. अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या सहाव्या कलमाने ‘शेजारच्या’ परिसरात शाळा उभारण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणावर टाकली. शेजार म्हणजे किती अंतर, हे नियमांनी ठरवले: पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. म्हणजे एक किलोमीटर हे सहा वर्षांच्या मुलाच्या पायांना दिलेले वचन होते. त्याच कायद्याच्या आठव्या कलमातले स्पष्टीकरणही पाहण्याजोगे आहे. ‘सक्तीचे शिक्षण’ या शब्दांतली सक्ती तिथे शासनावर आहे, आईबापांवर नाही. प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे, या तिन्हींची हमी शासनाने घ्यायची.

यवतमाळच्या वाचकाला या प्रश्नाची जुनी बाजूही ठाऊक असायला हवी. खेड्यातली प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची कशी झाली, या कहाणीच्या मुळाशी याच जिल्ह्यातला माणूस आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना, १९६० साली, लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करणारी समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. मार्च १९६१ मध्ये तिचा अहवाल आला, त्यावरून जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण देण्यासाठी घालून दिलेली दहा वर्षांची मुदत तोवर उलटून गेली होती. ते मार्गदर्शक तत्त्व होते, त्यावर न्यायालयात दाद मागता येत नव्हती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-क हा अनुच्छेद आणला, आणि मग २००९ चा कायदा.

या कायद्याच्या १२ व्या कलमाने विनाअनुदानित खासगी शाळांना पहिल्या वर्गाच्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवायला सांगितले आणि त्यांचा खर्च शासनाने भरून द्यायचा असे ठरवले. हे कलम घटनेला धरून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी दोन विरुद्ध एक मतांनी सांगितले.

आता फेब्रुवारी २०२४ च्या नियमाचा परिणाम. नकाशा समोर घेतला तर यवतमाळ, पुसद, वणी अशा शहरांत नगरपरिषदेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा किलोमीटरभरात नाही, अशी खासगी शाळा सापडणे अवघड आहे. अट अंतराची असली तरी शहरी भागात ती जवळपास सरसकट सूट ठरत होती.

त्या वर्षीच्या प्रवेशांचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. नव्या नियमाने एप्रिलमध्ये नोंदणी सुरू झाली, तेव्हा राज्यात सुमारे ७६ हजार शाळा आणि ८ लाख ८६ हजार जागा दाखवल्या गेल्या, कारण सरकारी व अनुदानित शाळाही त्याच यादीत धरल्या होत्या. अर्ज आले सत्तर हजारांच्या आसपास. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली आणि जुन्या पद्धतीने पुन्हा नोंदणी झाली. आता शाळा साधारण ९,२०० आणि जागा १ लाख ५ हजार. अर्ज मात्र सुमारे २ लाख ४२ हजार.

या आकड्यांवरून पालकांनी जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाठ फिरवली, असा निष्कर्ष काढू नये. त्या शाळेत नाव घालायला ऑनलाइन अर्ज आणि सोडत लागतच नाही. पहिल्या फेरीचे अर्ज कमी दिसण्याचे हेही एक कारण असणार. एवढे मात्र खरे की, जी गोष्ट अर्ज न करता मिळते तीच त्या यादीत ‘जागा’ म्हणून मोजली गेली होती.

१९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय व न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ही तरतूद रद्द केली. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेवर भार टाकण्याचे कारण नाही, हा शासनाचा मुद्दा होता. तो अगदीच निराधार नव्हता: कर्नाटकातला तशाच आशयाचा बदल तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिकवला होता. मुंबईच्या खंडपीठाने मूळ कायद्याचा मजकूर धरला. १२ व्या कलमातले बंधन शेजारी सरकारी शाळा नसण्यावर अवलंबून ठेवलेले नाही, आणि कायद्याने न घातलेली अट नियम घालू शकत नाही. मधल्या काळात या जागांवर दिले गेलेले प्रवेश न्यायालयाने मोडले नाहीत, पण पंचवीस टक्के भरायचे म्हणून गरज पडल्यास जागा वाढवायला सांगितले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हात घातला नाही.

हा निकाल मला मोलाचा वाटतो. तरीही तो जिल्ह्यात कुठवर पोचतो, हे पाहायला हवे. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतल्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, खासगी शाळेच्या पंचवीस टक्क्यांना अर्थच नाही, कारण तिथे खासगी शाळा नसते. त्या मुलाला उपयोगाचे कलम बारावे नव्हे, सहावे. आणि सहाव्या कलमावरच २०२३ च्या त्या पहिल्या कागदाची सावली पडते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा त्या वेळी राज्यात १४,७८३ होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती.

अंतराचा प्रश्न न्यायालयात आला नाही असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये साताऱ्यातल्या जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, ही बातमी वाचून उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली होती. तिथे बातमी छापून आली. पोडावरून शेजारच्या गावी चालत जाणाऱ्या मुलाची नोंद जिल्हा परिषदेच्या हजेरीपटापलीकडे क्वचितच जाते, आणि शाळा समूहात गेली की तो हजेरीपटही त्या पोडावर राहत नाही.