कोसळलेल्या डोंगराची मालकी

फ्रान्सच्या दक्षिणेला, आवेरों जिल्ह्यात, रोकफोर-सूर-सूल्झों हे हजाराच्या आत वस्ती असलेले खेडे आहे. पूर्वीचा हा रूएर्ग प्रांत. कोंबालू नावाच्या पठाराच्या उत्तर कड्याला बिलगून घरांच्या दोन-चार ओळी, वर सरळ उभा खडक आणि खाली दरी. धान्य पिकवायला सपाट जमीन नाही, द्राक्षाला पुरेसे ऊन नाही. अशा जागी माणसे टिकून का राहिली, हे कळायला गावाच्या तळघरांत उतरावे लागते.

कोंबालूचा माथा चुनखडीचा आहे आणि त्याखाली चिकणमातीचे थर आहेत. पावसाचे पाणी चुनखडीतून झिरपत जाते, चिकण थरापाशी अडते आणि तो थर निसरडा करते. मग वरचा खडक स्वतःच्याच वजनाने सरकू लागतो. इतिहासपूर्व काळात पठाराची उत्तर कड अशीच ढासळली, तीही बहुधा एकाहून अधिक वेळा. त्यातून सुमारे दोन किलोमीटर लांब आणि जेमतेम तीनशे मीटर रुंद अशी शिळांची रास तयार झाली. शिळा एकमेकींवर अडकून राहिल्या आणि त्यांच्यामध्ये खोल भेगा उरल्या. या भेगांना तिथले लोक फ्लरीन म्हणतात.

गावाचे सारे अर्थकारण या भेगांतून वाहणाऱ्या हवेवर उभे आहे. राशीचे तोंड उत्तरेला असल्याने तिला ऊन कमी लागते, आणि आतला दगड कायम ओला असतो. उन्हाळ्यात वरून शिरलेली हवा त्या दगडाला लागून निवते, ओलावते, जड होऊन खाली उतरते आणि तळघरांत बाहेर पडते. हिवाळ्यात बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड झाली की प्रवाह उलटतो. त्यामुळे तळघरांत बाराही महिने तापमान ८ ते १२ अंशांच्या आसपास राहते आणि आर्द्रता ९५ टक्क्यांच्या घरात. माणसाने यात फार भर घातली नाही. राशीच्या अंगात अनेक मजल्यांची तळघरे खोदली, भेगेच्या तोंडाला लाकडी झडप बसवली, आणि ती कधी किती उघडायची हे ठरवणारा जाणकार नेमला.

या हवेत पिकते ते मेंढीच्या कच्च्या दुधाचे चीज. त्यातली निळी-हिरवी बुरशी, पेनिसिलियम रोकफोर्ती, पूर्वी राईच्या पावावर वाढवून घेत. अडीच-तीन किलोच्या गोल ठोकळ्याला आरपार सुयांनी टोचतात, कारण हवा मिळाल्याशिवाय ही बुरशी आत पसरत नाही. वरून मीठ चोळतात आणि ठोकळे कडेवर उभे करून ओक लाकडाच्या फळ्यांवर ओळीने मांडतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केले, पण गावाच्या इतिहासात नावे उरली ती तळघरमालकांची.

या इतिहासाची सुरुवात सांगताना हौशी लेखक रोमन प्लिनीपर्यंत मागे जातात. प्लिनीने या भागातल्या चीजची स्तुती केली आहे हे खरे, पण रोकफोरचे नाव घेतलेले नाही. मुलीमागे धावताना गुहेत शिदोरी विसरलेल्या मेंढपाळाची गोष्ट तर पर्यटकांसाठीच ठीक. भरवशाचा धागा हाती लागतो तो कागदपत्रांत. १४११ साली राजा सहाव्या शार्लने इथल्या गुहांत चीज पिकवण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. १६६६ मध्ये तुलूझच्या पार्लमेंटने दुसरीकडचे चीज रोकफोर म्हणून विकण्यास मनाई केली. १९२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. उगमस्थानाच्या नावाला असे संरक्षण मिळालेले हे फ्रान्समधले पहिले चीज.

माझ्या मते सर्वांत बोलका आहे तो १९६१चा मियो शहरातील न्यायालयाचा निकाल. असे चीज इतरत्रही बनवता येईल, पण रोकफोर हे नाव मिळेल ते फक्त कोंबालूच्या नैसर्गिक गुहांत पिकलेल्या चीजला, असे त्याने ठरवले. म्हणजे कायद्याने एका दरडीची हद्द आखून दिली. दूध वाढवता येते, मेंढ्या वाढवता येतात, ती रास मात्र वाढत नाही.

दूध खरोखरच वाढले. १८७०च्या दशकात जवळच्या तूर्नमीरला रेल्वे आली, मागणी फुगली आणि पुढे कॉर्सिका बेटावरून व पिरेनीजमधूनही माल येऊ लागला. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या सोसिएते या कंपनीने एकामागून एक तळघरे ताब्यात घेतली. ती कंपनी आज लाक्तालिस या बलाढ्य दुग्धसमूहाकडे आहे. मेंढ्या शेतकऱ्यांच्या आणि हवा कंपन्यांची, ही विभागणी तेव्हापासूनची. रोकफोर पिकवणारी घराणी आज मोजून सात आहेत.

म्हणून या भागातले संघर्षही दूध काढणाऱ्यांचे आहेत. शेजारच्या लार्झाक पठारावर लष्करी तळ वाढवण्याची योजना १९७१ मध्ये आली, तेव्हा जमिनी जाणार होत्या त्यांत रोकफोरला दूध घालणारे मेंढपाळ होते. ते दहा वर्षे लढले आणि १९८१ मध्ये योजना रद्द झाली. युरोपने हार्मोन दिलेल्या गोमांसाला मज्जाव केल्याचा सूड म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेने रोकफोरवर १०० टक्के आयातशुल्क बसवले. त्याच्या निषेधार्थ त्या ऑगस्टमध्ये झोझे बोव्हे आणि त्यांच्या साथीदारांनी मियोत बांधून होत आलेले मॅकडोनल्ड्स उचकटून काढले. बोव्हे स्वतः लार्झाकवर मेंढ्या पाळणारे, आणि गोमांसाच्या भांडणाशी त्यांच्या मेंढ्यांचा काडीचाही संबंध नव्हता.