बांधकाम-शिक्षण, शालेय : (सातारा व सांगली जिल्हे)

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना पाया आखणे, दगड घडविणे, गवंडीकाम, सुतारकाम इ. इमारतीच्या कामांतून दिले जाणारे शिक्षण. महाराष्ट्रात त्याची दोन रूपे आढळतात : श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाची सोय करणे, हे पहिले आणि कसब हाच शालेय विषय मानून तो क्रमाने शिकविणे, हे दुसरे. पहिल्या रूपाची ठळक वाढ सातारा-सांगली भागात झाली.

पूर्वी हे कसब शाळेबाहेरचे व बहुतांशी जातीला बांधलेले होते. पाथरवट, गवंडी, वडार, बेलदार, सुतार यांची मुले वडीलधाऱ्यांच्या हाताखाली चुना कालवण्यापासून सुरुवात करून कालांतराने कारागीर होत. त्यांतील फार थोड्यांना अक्षरओळख असे. उलट शाळेत गेलेल्या मुलाने दगडमातीस हात लावणे कमीपणाचे मानले जाई. त्यामुळे हिशेब जाणणारा व भिंत रचणारा असे दोन वेगळे वर्ग निर्माण झाले.

ही फारकत मोडण्याचा मोठा प्रयत्न कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी केला. त्यांचे घराणे सध्याच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक येथील. याच जिल्ह्यातील दूधगाव येथे त्यांनी सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांच्या निवासाचा आरंभीचा प्रयोग केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली व १९२४ मध्ये तिचे कार्यालय साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकाच पंक्तीत जेवत व एकत्र श्रम करीत. १९४० मध्ये साताऱ्यात निघालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल हे ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर चालणारे निःशुल्क व निवासी विद्यालय होते. शेतकामाबरोबरच जमीन सपाट करणे, विहिरी खोदणे, दगड फोडणे व वाहणे आणि संस्थेच्या इमारतींच्या उभारणीस हातभार लावणे, ही विद्यार्थ्यांची कामे असत. एरवी ज्याला शिक्षण परवडले नसते, त्याचा खर्च अशा श्रमांतून काही अंशी भागे. शिवाय पाटी उचलण्याचे काम अमुक एका जातीचेच, ही समजूत ढिली पडे.

तथापि या योजनेचा हेतू स्वावलंबन व समता हा होता. कारागीर घडविणे हा नव्हता. काम संस्थेच्या गरजेनुसार निघे, त्याला धड्यांचा क्रम नसे. वास्तविक बांधकामात शालेय विषयांचा मोठा भाग सामावलेला आहे. पायाचा काटकोन ३, ४ व ५ हात बाजूंच्या त्रिकोणाने साधतात, म्हणजे भूमितीतील सिद्धांत दोरीने पडताळला जातो. ओळंबा गुरुत्वाकर्षणाची व पाणसळ द्रवाच्या समपातळीची साक्ष देते. दगड-खडी ब्रासमध्ये (१०० घ. फुट) मोजताना घनफळ येते, तर सिमेंटच्या कामावर काही दिवस पाणी का मारावे लागते, याचे उत्तर रसायनशास्त्रात सापडते.

या ज्ञानाची निकड कोयनेच्या भूकंपाने उघड केली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पाटण तालुक्यातील कोयनानगर परिसराला सु. ६·५ महत्तेचा धक्का बसला व सु. १८० माणसे मृत्यू पावली. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती मोठ्या प्रमाणावर ढासळल्या. अशा जाड भिंतीचे आतील व बाहेरील थर परस्परांशी बांधलेले नसल्यास धक्क्याने ते अलग होतात. भिंतीच्या दोन्ही तोंडांपर्यंत पोहोचणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसविणे, कोपरे सांधणे व छपराखाली सलग पट्टा घालणे, हे उपाय खर्चिक नसले, तरी ते माहीत असलेला गवंडी हवा.

हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाचा विचार वर्धा येथील परिषदेने (१९३७) व कार्यानुभवाचा कोठारी आयोगाने (१९६४–६६) मांडला. प्रत्यक्षात गवंडीकाम, सुतारकाम, नळजोडणी यांचे पद्धतशीर प्रशिक्षण मुख्यतः औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे गेले. तेथे क्रम व प्रमाणपत्र आले. पण कसब पुन्हा सर्वसाधारण शाळेपासून दूर झाले.

शाळेतच कसब क्रमाने शिकविण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने केला. तेथे विकसित झालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन व गृह-आरोग्य या शाखांतील कामे करतात. बांधकाम अभियांत्रिकी शाखेत मोडते. गावाच्या गरजेच्या वस्तू व सेवा पुरवीत शिकणे, हे त्याचे सूत्र होय. बहुकौशल्याचा शालेय विषय याच प्रयोगातून पुढे आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे.

साताऱ्याच्या प्रयोगात समता होती, क्रम नव्हता. प्रशिक्षण संस्थांत क्रम आला, पण सर्व मुले एकत्र राहिली नाहीत. शालेय बांधकाम-शिक्षणाचे यश या दोहोंचा मेळ घालण्यावर अवलंबून आहे.