दाबमापकाच्या काट्यावर किती विश्वास ठेवावा?

पेंटबॉल हा खेळ अमेरिकेतला. जिलेटिनच्या आवरणात रंग भरलेल्या गोळ्या वायूच्या दाबाने एकमेकांवर उडवायच्या. ज्याच्या अंगावर रंग फुटेल तो बाद. गोळी उडवणाऱ्या साधनाला ‘मार्कर’ म्हणतात, कारण मुळात ते झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी बनवले होते. या साधनाने पहिला खेळ १९८१ साली न्यू हँपशर राज्यात खेळला गेला. पुढे ‘कमी दाबावर चालणारा मार्कर’ ही खेळाडूंमध्ये प्रतिष्ठेची गोष्ट झाली. तो दाब वाचायचा नाण्याएवढ्या तबकडीवर. या तबकडीवरचा काटा नेमके काय मोजतो? उत्तरासाठी आपल्याला वाफेच्या इंजिनांच्या काळात जावे लागेल.

जेम्स वॉटच्या इंजिनांत वाफेचा दाब हवेच्या दाबाहून फारसा जास्त नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रिचर्ड ट्रेव्हिथिकने अधिक दाबाची, लहान पण जोमदार इंजिने बनवली. १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिच येथे त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसे मेली. त्यानंतर ट्रेव्हिथिकने दोन सुरक्षा-झडपा बसवल्या, उष्णतेने वितळणारे शिशाचे बूच बसवले आणि दाब कळावा म्हणून पाऱ्याची नळी जोडली.

पाऱ्याचा स्तंभ हे दाब मोजण्याचे सर्वांत सरळ साधन. हवेचा दाब म्हणजे ७६० मिलिमीटर उंचीचा पारा. या दाबाला आपण ‘१ वातावरण’ म्हणू. पाऱ्याची घनता आणि गुरुत्वाकर्षण माहीत असले की उंची मोजून दाब काढता येतो. अडचण उंचीचीच आहे. १० वातावरण दाब मोजायला ७.६ मीटर उंच नळी हवी. धावत्या आगगाडीवर ती कशी उभी करणार?

यातून वाट सापडली ती एका बिघडलेल्या कामातून. पॅरिसचा यंत्रकार युजीन बूर्दाँ वाफ थंड करण्यासाठी धातूच्या नळीचे वेटोळे तयार करत होता. वाकवताना नळी चेपली. ती पुन्हा गोल व्हावी म्हणून त्याने तिचे एक टोक बंद करून आत जोराने पाणी दाबले. नळी गोल होऊ लागली, पण त्याबरोबर वेटोळेही उलगडू लागले! जितका दाब जास्त, तितके ते अधिक उलगडे. याच तत्त्वावर बूर्दाँने १८४९ साली दाबमापकाचे पेटंट घेतले. चपट्या छेदाची, कमानीसारखी वाकवलेली नळी. तिचे मोकळे टोक थोडेसे हलते आणि दातेरी चाके ती हालचाल वाढवून काटा फिरवतात. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात या उपकरणाला पदक मिळाले. आपल्याकडच्या कार्यशाळांत ‘बोर्डन गेज’ म्हणतात ते हेच.

बॉयलरचे अपघात त्यामुळे संपले नाहीत. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा झाला. उपकरण असणे एक आणि त्याची तपासणी होणे दुसरे.

तपासणीची गरज उपकरणाच्या रचनेतच आहे. बूर्दाँचे मापक धातू किती वाकला ते दाखवते. त्यावरून दाब किती हे आपण मानून घेतो. धातू शिणला, धक्क्याने काटा सरकला किंवा दाते झिजले, तर तबकडीवरचा आकडा चुकतो. म्हणून मापक मूळ प्रमाणाशी ताडून पाहावे लागते. लुई कायते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१ साली आयफेल मनोऱ्यावर तब्बल ३०० मीटर उंचीचा पाऱ्याचा दाबमापक उभारला, म्हणजे सुमारे ४०० वातावरण दाब थेट उंचीने मोजता आला. आज प्रयोगशाळेत दट्ट्यावर वजने ठेवून हेच काम होते: १ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १० किलोग्रॅम ठेवले की दाब जवळजवळ १० वातावरण.

आता मार्करकडे वळू. सुरुवातीचे मार्कर कार्बन डायॉक्साइडच्या छोट्या कुप्यांवर चालत. कुपीतल्या द्रवावरील वायूचा दाब तापमानावर ठरतो: ०° सेल्सिअसला सुमारे ३४ वातावरण, तर २०° ला सुमारे ५६. त्यामुळे थंडीत आणि उन्हात गोळीचा वेग बदले. पुढे संपीडित हवेच्या टाक्या आणि दाब उतरवणारे रेग्युलेटर आले, आणि कित्येक मार्कर १० वातावरणाच्या आसपास चालू लागले.

इतका कमी दाब पुरतो कसा? गोळी सुमारे ३ ग्रॅमची, व्यास १७ मिलिमीटर, वेग सेकंदाला ९० मीटर धरू. तिची गतिज ऊर्जा सुमारे १२ ज्यूल. २० सेंटिमीटर नळीत ही ऊर्जा द्यायची, तर सरासरी ६० न्यूटन बल, म्हणजे अवघा अडीच वातावरण जादा दाब पुरतो. दाब कमी ठेवून वायूचे आकारमान वाढवले तरी वेग तोच मिळतो. म्हणून कमी दाबाचा मार्कर कमी धोक्याचा, हा समज चुकीचा आहे. इजा ठरते गोळीच्या वेगावर, आणि तो वेगमापकानेच तपासावा लागतो. डोळ्यांवरचा मुखवटाही काढून चालत नाही.

खरी गोम तबकडीत आहे. मापकाची अचूकता सहसा पूर्ण मापश्रेणीच्या टक्केवारीत सांगतात. समजा, ० ते १०० वातावरणाच्या मापकाची अचूकता ३ टक्के आहे. म्हणजे चूक ३ वातावरणापर्यंत, तीही तबकडीवर कोठेही. काटा १० दाखवत असेल तर खरा दाब ७ ते १३ यांमध्ये कोठेही असू शकेल! तेच ० ते २० चे मापक घेतले तर चूक ०.६ पर्यंतच. शिवाय लहान मापकांत शून्यापाशी खिळ असते; काटा तिला टेकला म्हणजे आत दाब उरला नाही, असे नव्हे.

हे वर्गात करून पाहता येते. फुंकली की उलगडणारी जत्रेतली कागदी पिपाणी आणि पाणी भरलेली यू-नळी एका तीन तोंडांच्या जोडनळीला जोडा. हलके फुंका, पाण्याच्या पातळीत किती सेंटिमीटर फरक पडला की पिपाणी कोठवर उलगडते, त्याच्या खुणा करा. पन्नास वेळा फुंकून झाल्यावर पुन्हा ताडून पाहा. खुणा जुळतात का? जुळल्या नाहीत तर विश्वास पिपाणीवर ठेवायचा की पाण्यावर, आणि का, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.